चाकाला अल्टरनेटर लावून इलेक्ट्रिक गाडी स्वतःच चार्ज का होत नाही?

तुम्ही विचारलंय: भिवंडीजवळच्या एका वर्कशॉपमध्ये तुम्हाला एक जुनी हॅचबॅक दाखवली. इंजिन काढून मोटर बसवलेली, १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या चार बॅटऱ्या, आणि मागच्या चाकांना पट्ट्याने जोडलेले दोन अल्टरनेटर, म्हणजे फिरवले की वीज देणारी यंत्रं. एकदा चार्ज केली की पुन्हा प्लग लावायचा नाही, असा दावा. तुमच्याकडे दोन लाख मागितलेत आणि हे शक्य आहे का, असा तुमचा प्रश्न आहे.

शक्य नाही. पैसे देऊ नका. का ते आता नीट सांगतो, म्हणजे समोरच्याला काय विचारायचं हेही तुम्हाला कळेल.

गाडीतून काढून ठेवलेल्या अल्टरनेटरची पुली बोटाने सहज फिरते. इथेच सगळी गफलत होते. वाटतं, चाक फिरतंच आहे, त्याच्यासोबत हेही फिरेल, वीज वर मिळेल. पण बोटाने फिरवताना रोटरला (आतल्या फिरणाऱ्या भागाला) चुंबक बनवणारा फील्ड करंट नसतो आणि स्टेटरमधून (बाहेरच्या स्थिर भागातून) कोणी वीज ओढत नसतं. वीज ओढायला लागलात की स्टेटरच्या गुंडाळीत वाहणारा करंट स्वतःचं चुंबकीय क्षेत्र तयार करतो, आणि ते क्षेत्र फिरण्याला विरोध करतं. भौतिकशास्त्रज्ञ हाइनरिख लेन्झ यांनी १८३४ मध्ये मांडलेला नियम हाच. जितके वॉट घ्याल तितका पुलीवर उलटा जोर, आणि तो जोर चाकातून, गिअरमधून थेट मोटरवर येतो. सायकलचा डायनॅमो टायरला टेकवला की पाय जड होतात. थोडं त्याच्या घर्षणाने, पण बाकी त्या ३ वॉटच्या दिव्यासाठी.

आता आकडे मांडू. गाडी माणसांसकट १,५०० किलो, ईस्टर्न एक्स्प्रेस हायवे रात्री मोकळा असताना ताशी ६० किमीचा स्थिर वेग. टायरचा रोध सुमारे १५० न्यूटन, हवेचा १२०. वेगाने गुणलं की चाकाला साधारण ४.५ किलोवॉट लागतात. बॅटरी, कंट्रोलर, मोटर, गिअर अशी साखळी पार करताना १०० तले ८४ चाकापर्यंत पोचतात, म्हणजे बॅटरीतून ५.४ किलोवॉट निघतात. एसी धरलेला नाही.

साध्या गाडीचा अल्टरनेटर १४ व्होल्टला ७० अँपिअर देतो, म्हणजे जवळपास १ किलोवॉट. त्याची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास असते. दोघांकडून २ किलोवॉट हवे असतील तर पट्ट्याचा तोटा धरून चाकाकडून ३.५ किलोवॉट काढावे लागतील. चाकाची गरज ४.५ वरून ८ झाली. बॅटरीतून आता ९.५ निघतात आणि परत जेमतेम १.९ साठतात. निव्वळ खर्च ७.६ किलोवॉट, म्हणजे अल्टरनेटर नसताना होता त्याच्या सुमारे १.४ पट. २० युनिटची चांगली लिथियम बॅटरी असेल तर अल्टरनेटरशिवाय ती २२० किमीच्या आसपास जाईल आणि अल्टरनेटर लावून १६० च्या आत संपेल. तुम्हाला दाखवलेला जुगाड रेंज वाढवत नाही, कापतो.

समजा सगळं शंभर टक्के कार्यक्षम मिळालं. तरीही अल्टरनेटर चालवायला जेवढं दिलं तेवढंच परत येईल. टायर आणि हवा तापवण्यात गेलेले ४.५ किलोवॉट मात्र परत येत नाहीत, ते कुठून तरी द्यावेच लागतात. म्हणून ‘आणखी चांगला अल्टरनेटर’ हे उत्तर नाही. ‘गिअरने आरपीएम वाढवू’ हेही नाही, कारण आरपीएम (मिनिटाचे फेरे) दुप्पट केले की टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, निम्मा होतो. व्होल्ट वाढलेले दिसतात, वॉट तेवढेच. बॉनेटवर पंखा लावून वाऱ्यावर वीज करायची कल्पनाही तीच, फक्त उलटा जोर पट्ट्याऐवजी हवेतून येतो.

मग ब्रेक मारताना इलेक्ट्रिक गाड्या चार्ज होतात ते? ते खरं आहे, आणि लोक बहुतेक इथेच फसतात. थांबायचंच असतं तेव्हा गाडीच्या वेगात साठलेली ऊर्जा ब्रेक पॅड तापवण्यात जायची, त्यातली थोडी परत घेतली जाते. आपल्या लोकलही ब्रेक लावताना ओव्हरहेड वायरमध्ये वीज परत सोडतात आणि जवळची दुसरी गाडी ती वापरते. पण कोणतीही लोकल त्यावर चर्चगेट ते विरार चालत नाही. घाटात हे अजून स्वच्छ दिसतं. खोपोलीहून लोणावळ्याला साधारण ५५० मीटर चढायचं. आपली १,५०० किलोची गाडी तेवढी उचलायला सव्वादोन युनिट लागतात, बॅटरीतून पावणेतीनच्या आसपास, आणि रस्त्याचा नेहमीचा खर्च वेगळा. उतरताना त्यातलं काही टायर आणि हवा खातात, काही मोटर आणि बॅटरी. बॅटरीत एखादं युनिट परत आलं तर उत्तम समजा. चढताना दिलेल्याचाच तो भाग आहे.

छतावर सोलर पॅनल ही मात्र प्रामाणिक गोष्ट आहे, कारण तिथे ऊर्जा बाहेरून येते. हॅचबॅकच्या छतावर फार तर ३०० वॉट बसतील. मुंबईच्या चांगल्या उन्हात दिवसाला एक युनिटच्या आसपास, म्हणजे शहरात ७-८ किमी. पावसाळ्यात, किंवा गाडी सोसायटीच्या इमारतीखाली लावली तर, सोडूनच द्या.

‘मोटर, फ्लायव्हील, अल्टरनेटर जोडला आणि वायर काढली तरी बल्ब चालू’ असे व्हिडिओ तुम्हाला दाखवतील. २० किलोची, २५ सेंटिमीटर त्रिज्येची चकती १,५०० आरपीएमला फिरत असेल तर तिच्यात सुमारे ७,७०० जूल साठलेले असतात. ९ वॉटचा एलईडी बल्ब हिशेबाने त्यावर चौदा मिनिटं चालेल. बेअरिंग आणि हवेचं घर्षण धरलं तरी दोन मिनिटांच्या व्हिडिओला पुरून उरतं. त्याच चकतीवर १,००० वॉटची इस्त्री लावायला सांगा. आठ सेकंदही जाणार नाहीत.

आपोआप चालत राहणाऱ्या यंत्राची ही ओढ जुनी आहे आणि आपल्याकडेही होती. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पाऱ्याने अर्ध्या भरलेल्या आऱ्यांचं, आपोआप फिरत राहणारं चाक लिहून ठेवलंय. पारा एका बाजूला परिघाकडे सरकतो म्हणून ती बाजू जड, ही कल्पना. पण त्या बाजूला पारा लांब असला तरी कमी आऱ्यांत असतो, दुसऱ्या बाजूला जवळ पण जास्त आऱ्यांत. बेरीज शून्य येते. त्यात भास्कराचार्यांचा कमीपणा नाही; ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम त्यानंतर सातशे वर्षांनी नीट मांडला गेला. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने तर १७७५ मध्येच असली यंत्रं तपासायला घेणं बंद केलं. कोणी ‘पेटंट मिळतंय’ म्हणालं तर लक्षात ठेवा, १९७० च्या आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(अ) प्रस्थापित निसर्गनियमांच्या उघड विरुद्ध दावा करणाऱ्या गोष्टीला शोधच मानत नाही. शिवाय मुंबईत अँटॉप हिलच्या पेटंट कार्यालयात अर्ज दाखल झाल्याची पावती म्हणजे पेटंट नव्हे. पावती कोणालाही मिळते.

शब्दांवर विश्वास ठेवू नका, घरी करून बघा. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून १२ व्होल्टच्या दोन एकसारख्या डीसी मोटर, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा अडॅप्टर, एक मल्टिमीटर आणि १० ओहम १० वॉटचा रेझिस्टर आणा. दोन्ही मोटर लाकडी फळीवर एका रेषेत घट्ट बसवा, शाफ्ट रबरी नळीने जोडा. रेषा चुकली तर नळी थरथरते आणि घर्षणच मोजाल. पहिलीला अडॅप्टर द्या, तिच्या वायरमध्ये मीटर १० अँपिअरच्या सॉकेटवर लावा. दुसरीची टोकं मोकळी असताना करंट लिहा. मग त्या टोकांना रेझिस्टर जोडा. फिरण्याचा आवाज खाली येईल आणि पहिलीचा करंट वर जाईल. उलटा जोर तुम्ही आकड्यात बघितलात. शेवटी अडॅप्टर काढून दुसरीची वायर पहिलीला जोडा. एक-दोन सेकंदांत सगळं थांबेल.

वर्कशॉपवाल्याकडे परत जाणार असाल तर व्होल्टमीटरला भुलू नका. लेड-ॲसिड बॅटरी लोडखाली ११.८ दाखवते आणि गाडी थांबवून दहा मिनिटं सोडली की आपोआप १२.३ वर येते. ‘बघा, चार्ज झाली’ ते हेच. बॅटरीच्या निगेटिव्हवर शंटवाला बॅटरी मॉनिटर (आत-बाहेर गेलेला सगळा करंट मोजणारा) लावायला सांगा, एकही वायर त्याला चुकवून जाता कामा नये, आणि अँपिअर-अवरचा आकडा सुरुवातीला आणि शेवटी वाचा. ४८ व्होल्टच्या संचात १४ व्होल्टचे अल्टरनेटर कसे जोडलेत तेही विचारा. कन्व्हर्टरशिवाय जोडले असतील तर एक-दोन बॅटऱ्या उकळतील आणि बाकीच्या उपाशी राहतील. त्या चार बॅटऱ्यांत कागदावर ४.८ युनिट आहेत, एवढ्या जोराने ओढल्यावर त्यातले निम्मेच हाती येतात. तेवढ्यात गाडी पंचवीस किमीच्या आसपास जाते. त्यामुळे दहा किमीची चक्कर मारून आणली तर त्याने काहीच सिद्ध होत नाही. भिवंडी ते नाशिक, सव्वाशेच्या वर किमी, डिकी आणि सीटखालची जागा तुम्ही आधी तपासून, तुम्ही शेजारी बसून, मध्ये कुठेही प्लग न लावता न्यायला सांगा.