टायरवर लिहिलंय तेवढी हवा भरली की सायकल जास्त पळते का?

म्हणजे तुमचं असं आहे की हायब्रिड सायकल, ७०० बाय ३२ चे (म्हणजे ३२ एमएम रुंद) टायर, तुमचं वजन ७५ किलो, रोज मुलुंड ते पवई ऑफिस, टायरवर ८५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) मॅक्स लिहिलंय म्हणून पुढे-मागे दोन्हीकडे ८५ भरता, आणि आता हाताला मुंग्या येतात पण हवा कमी केली तर सायकल जड चालेल अशी भीती वाटतेय.

नाही चालणार जड. उद्या सकाळी मागे ६० आणि पुढे ५० करून निघा, एलबीएस रोडवर मेट्रोच्या पिलरखाली जो काही रस्ता उरलाय त्यावर सायकल आत्तापेक्षा हलकीच लागेल तुम्हाला.

टायरवरचा आकडा ही वरची मर्यादा आहे हो, याच्या पुढे जाऊ नका एवढंच कंपनी सांगतेय, एवढी भराच असं नाही सांगत. तो आकडा छापताना कंपनीला तुमचं वजन कुठे माहीत असतं, ५० किलोची मुलगी आणि ९५ किलोचा माणूस दोघांच्या टायरवर तेच ८५.

आता हवा टाइट म्हणजे स्पीड जास्त हे आपल्या डोक्यात का बसलंय, तर टायर दबतो तेव्हा रबर वाकतं आणि त्यात थोडी ताकद वाया जाते, हवा जास्त तर टायर कमी दबतो, इथपर्यंत बरोबरच आहे. लॅबमध्ये गुळगुळीत लोखंडी ड्रमवर टायर फिरवून मोजलं तर प्रेशर वाढवत जाल तसा टायर हलका फिरत जातो. पण ड्रमवर खड्डा नसतो ना! रस्त्यावर दगडासारखा कडक टायर प्रत्येक उंचवट्यावर तुम्हाला आणि सायकलला मिळून वर उचलतो, आणि ते उचलायला लागणारी ताकद तुमच्याच पायातून जाते, बाकी मग हात, खांदे, कंबर यात जिरते. जरा मऊ टायर तोच उंचवटा स्वतः गिळतो आणि चाक पुढे जात राहतं. म्हणजे तुमच्या हाताला ज्या मुंग्या येतायत तो वाया गेलेला स्पीडच आहे, आराम एकीकडे आणि स्पीड दुसरीकडे असं काही इथे नाहीये.

अजून एक, बरोबर पॉइंटपेक्षा हवा थोडी कमी झाली तर नुकसान अगदी किरकोळ होतं, पण वर गेली की खराब रस्त्यावर ते पटापट वाढतं. त्यामुळे शंका असेल तर खालच्या बाजूला राहा. रेसवाले पण पूर्वी २३ एमएमच्या टायरमध्ये १०० च्या वर भरायचे, आता २८-३० एमएम वापरतात आणि हवा बरीच कमी ठेवतात, आणि त्यांचे रस्ते आपल्यापेक्षा कितीतरी गुळगुळीत.

पुढे कमी का, तर बसल्यावर निम्म्याहून जास्त वजन मागच्या चाकावर येतं. लॅपटॉपची बॅग मागे कॅरियरला लावत असाल तर मागे अजून ३-४ वाढवा, पुढचं तसंच राहू द्या.

मग किती खाली जायचं? दर आठवड्याला ३-४ पीएसआय कमी करत जा आणि लक्ष ठेवा. पेव्हर ब्लॉकवरून किंवा काँक्रीटच्या जॉइंटवरून जाताना रिम आपटल्याचा ठक् आवाज आला, किंवा वळताना सायकल खालून सरकल्यासारखी वाटली, की थांबायचं आणि ५ वाढवायचं, तोच तुमचा आकडा. यापेक्षा खाली गेलात तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिम आणि टायरच्या मध्ये चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. असं पंक्चर दिसलं तर काच-खिळा शोधत बसू नका, हवा कमी होती एवढाच अर्थ.

हे सगळं करायला गेजवाला (दाब दाखवणारा काटा असलेला) फ्लोअर पंप, म्हणजे जमिनीवर उभा ठेवून मारायचा पंप, मात्र घ्याच. अंगठ्याने दाबून ५५ आणि ८० मधला फरक खरंच कळत नाही, आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर स्कूटर-रिक्षाच्या हिशोबाने असतो, सायकलच्या ट्यूबमध्ये हवा मावते थोडीशी त्यामुळे दोन सेकंदात आकडा कुठल्या कुठे जातो. पंप लावताना एक गोष्ट बघा, नळी व्हॉल्व्हला लावल्या लावल्या काटा कमीच दाखवतो कारण थोडी हवा नळीत येते आणि थोडी फुस्स करून बाहेर जाते, त्याला रात्रीत हवा गेली असं समजू नका, दोन-तीन स्ट्रोक मारले की जे दिसतं ते खरं. पंप-पंपाच्या गेजमध्ये पण फरक असतो, म्हणून मित्राचा आकडा घेऊ नका, एकच पंप वापरा आणि त्याच्यावरचा तुमचा आकडा लक्षात ठेवा. हवा आठवड्यातून एकदा तरी चेक करा, साधी ब्युटाइल (नेहमीच्या काळ्या रबराची) ट्यूब पंक्चर नसताना पण हळूहळू हवा सोडतेच.

पावसाळ्यात दोन्हीकडे ४-५ अजून कमी चालतील, ओल्या झेब्राच्या पट्ट्यांवर आणि गटाराच्या झाकणांवर जरा बरं वाटतं, पण पट्टी आणि झाकण मुळातच निसरडं असतं, तिथे ब्रेक दाबायचा नाही आणि हँडल सरळ ठेवायचं, हवेने ते सुटत नाही. पाणी भरलेल्या रस्त्यात खालचा खड्डा दिसत नाही, तेव्हा फार कमी पण करू नका.

आणि हवा कमी करूनही आठ-पंधरा दिवसांत मुंग्या गेल्या नाहीत तर मग सीट पुढे झुकलीये का आणि हँडल फार खाली आहे का ते बघा, तेव्हा सगळं वजन तळहातावर येतं, दुकानात दाखवून घ्या.