वेगळ्या धर्माच्या सहकाऱ्याशी धर्मावर बोलायला सुरुवात कशी करावी?

कार्यालयातील मुस्लिम सहकाऱ्याशी धर्माविषयी मनमोकळे बोलावेसे वाटते, पण पहिलाच प्रश्न त्यांना टोचेल की काय, अशी शंका आपण विचारली आहे. ती रास्त आहे, कारण माझ्या हातून नेमके तेच झाले होते.

बऱ्याच वर्षांपूर्वी शेजाऱ्यांकडे इफ्तारला गेलो असता, चार पाहुण्यांदेखत मी त्यांना विचारले, ‘तुमच्यात बायकांना मशिदीत का येऊ देत नाहीत?’ प्रश्नात माहितीची चूक होतीच, कारण स्त्रियांसाठी स्वतंत्र जागा असलेल्या मशिदीही आहेत. पण त्याहून मोठी चूक ही की, दिवसभराचा रोजा सोडायला बसलेल्या एका माणसाला मी कोट्यवधी लोकांच्या वतीने जाब विचारला. ते काही बोलले नाहीत. त्यांनी फळांची ताटली माझ्याकडे सरकवली आणि पुढे दोन वर्षे आमच्यात हा विषय निघाला नाही.

चरकसंहिता या आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथातील विमानस्थान नावाच्या भागात वैद्यांनी आपसांत चर्चा कशी करावी हे सांगितले आहे. सलोख्याने होते ती संधाय संभाषा आणि एकमेकांवर मात करण्यासाठी होते ती विगृह्य संभाषा, असे तिचे दोन प्रकार तेथे केले आहेत. पहिल्या प्रकारात निःशंकपणे बोलावे आणि निःशंकपणे विचारावे, हरण्याच्या भीतीने अस्वस्थ होऊ नये, समोरच्याला निरुत्तर केल्याचा आनंद मानू नये, इतरांपुढे त्याची बढाई मारू नये आणि जे ठाऊक नाही त्याचे वर्णन करू नये. हे नियम वैद्यांसाठी असले तरी धर्माविषयीच्या बोलण्यासाठी याहून नेमके नियम मला सापडलेले नाहीत. त्यांतला शेवटचा तर मी तेव्हा सरळसरळ मोडला होता.

दुसऱ्या खेपेस आम्ही दोघेच होतो. ‘एक विचारू का, सांगावेसे वाटले तरच सांगा,’ असे म्हणून, लांबच्या प्रवासात रोजा कसा सांभाळता, एवढेच मी विचारले. आजाऱ्याला आणि प्रवाशाला सवलत असते आणि राहिलेले रोजे नंतर पूर्ण करायचे असतात, हे त्यांनी सांगितले. त्यावरून आईच्या शेवटच्या आजारपणात घरात झालेली घालमेलही सांगितली. मग त्यांनी मला विचारले, ‘तुम्ही एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाता, मग तो उपवास कसा?’ मला राग आला, हे मी मान्य करतो. पण आपल्या प्रश्नाला उत्तर मिळावे असे वाटत असेल, तर त्यांच्या प्रश्नासाठीही तितकीच जागा ठेवावी लागते. मी घरातली रीत सांगितली आणि तिच्यामागचे कारण मला नीट सांगता येत नाही हेही सांगितले. खरी चर्चा तिथून सुरू झाली.

म्हणून आपणही ‘तुमच्या धर्मात’ असे न विचारता ‘तुमच्या घरी’ असे विचारावे. बातम्यांत दंगलीचा किंवा स्फोटाचा विषय असेल, त्या आठवड्यात मुळीच विचारू नये, कारण तेव्हा साधा प्रश्नही चौकशीसारखा ऐकू येतो. आणि ते नमाज-रोजा पाळत नसतील, तर तसे का, हेही खोदून विचारू नये. रमजान चालू असेल तर दुपारऐवजी ईदनंतरचा एखादा निवांत दिवस निवडावा.