'जाने जां' हा हिंदी सिनेमा बघून झालाय, आता जपानी लेखक केइगो हिगाशिनोचं मूळ पुस्तक वाचण्यात काही मजा उरते का?

हो, उरते, आणि भरपूर उरते. तुम्ही लिहिलंय की शेवट माहीत असल्यावर रहस्यकथा कशाला वाचायची, पण 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स' या मूळ पुस्तकात खून कोणी केला हे लेखक सुरुवातीलाच सांगून टाकतो. पैशासाठी पिच्छा पुरवणारा यासुकोचा आधीचा नवरा तिच्या घरी येतो, झटापट होते, यासुको आणि तिची मुलगी टेबलाच्या हीटरच्या वायरने त्याचा गळा आवळतात, आणि शेजारचा गणिताचा मास्तर इशिगामी दार वाजवतो. म्हणजे प्रश्न खुनी कोण हा नाहीच, हा माणूस त्या दोघींसाठी कुठपर्यंत जाणार हा आहे.

आता हिंदीत काय झालंय बघा. सुजॉय घोषने टोकियोचं कालिम्पाँग केलं, यासुको काम करते त्या डबे विकणाऱ्या दुकानाचा कॅफे केला, ते सगळं चालतं, आणि मास्तर झालेल्या जयदीप अहलावतने तर कमाल केलीय. पण पुस्तकात मास्तरचा कॉलेजमधला मित्र युकावा हा फिजिक्सचा प्रोफेसर आहे आणि तपास करणारा पोलीस कुसानागी वेगळा. हिंदीत दोघांचा मिळून एकच पोलीस केलाय. माझ्या मते इथेच सगळ्यात मोठं नुकसान झालं, कारण पोलीस खुनाचा छडा लावतो तेव्हा तो त्याची ड्युटी करत असतो, पण युकावावर कसलंच बंधन नाही, तो गप्प बसला असता तरी चाललं असतं, आणि ज्याच्या बुद्धीला तो सगळ्यात जास्त मानतो त्याच मित्राला आता आपणच उघडं पाडायचं का, हा त्याचा त्रास पुस्तकात पानोपानी जाणवतो.

त्याला संशय कसा येतो तेही वाचण्यासारखं आहे. बऱ्याच वर्षांनी भेटल्यावर इशिगामी सहज बोलून जातो की तू अजून तरुण दिसतोस, केसही दाट आहेत. बस एवढंच. पण ज्याला स्वतःच्या दिसण्याशी आयुष्यात कधी देणंघेणं नव्हतं तो असं बोलतोय म्हणजे हा प्रेमात पडलाय, हे युकावाच्या लगेच लक्षात येतं.

हिगाशिनो स्वतः इलेक्ट्रिकल इंजिनिअर, ओसाकाचा, नोकरी करत करत लिहायचा, 1985 मध्ये रहस्यकथांसाठीचा एदोगावा राम्पो पुरस्कार मिळाल्यावर नोकरी सोडून टोकियोला गेला. त्याच्या कथेची बांधणी इतकी चोख का ते त्यावरून समजतं. इशिगामी परीक्षेत भूमितीचा वाटणारा पण खरं तर बीजगणिताचा असलेला प्रश्न घालतो, तसाच प्रश्न तो पोलिसांपुढे टाकतो. तुम्हाला उत्तर माहीत आहे म्हणून सुरुवातीची पानं, तो नदीकाठाने चालत शाळेत जातो ती, सावकाश वाचा, सगळं तिथेच उघड्यावर ठेवलेलं आहे आणि पहिल्यांदा वाचणाऱ्याला ते दिसत नाही. इंग्रजी अनुवाद अलेक्झांडर स्मिथचा आहे, भाषा सोपी आहे.

नंतर 2008 चा जपानी सिनेमा मिळाला तर नक्की बघा. त्यात शिनिची त्सुत्सुमीने मास्तर केलाय आणि प्रोफेसर मित्र प्रोफेसरच राहिलाय. कोरियन आणि चिनी सिनेमेही निघालेत, पण ते मागून बघा, घाई नाही. आणि हिगाशिनो आवडलाच तर पुढचं पुस्तक 'मॅलिस' घ्या, त्यातही खुनी लवकर सापडतो आणि त्याने खून का केला हे शोधण्यात बाकीचं पुस्तक जातं.