पुराच्या पाण्यात गाडी बुडाली. विम्याचा क्लेम कसा करायचा? इंजिनचे पैसे मिळतात का?

इंजिनचं आधी सांगते, कारण त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे. बुडालेली गाडी सुरू करायची नाही. "बघू तरी" म्हणून चावी फिरवायची नाही, धक्का तर मुळीच मारायचा नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना सेल्फ मारला की ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग कंपनी म्हणते, हे पुराने नाही, तुम्ही सुरू केलीत म्हणून झालं. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन (जादा हप्ता भरून घ्यायचं वेगळं संरक्षण) नसेल तर तो खर्च बहुधा तुमच्याच गळ्यात.

ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदी बडोद्यात शिरली तेव्हा आमच्या समा भागातल्या घरातही पाणी आलं. एकाच बंगल्यात दोन बिऱ्हाडं, आम्ही आणि माझे थोरले दीर. पाणी ओसरलं तर दोन्ही गाड्यांच्या सीटवर गाळ. भाऊजी ह्यांना म्हणाले, "काही होत नाही रे, डिझेल गाडी आहे, पाणी बाहेर फेकेल." हे नको नको म्हणत असताना त्यांनी चावी फिरवली. खट्ट आवाज आला, पुढे काहीच नाही. आमच्या गाडीच्या बॅटरीची वायर काढून ती तशीच टो करून नेली. वर्कशॉपमध्ये गाड्यांची ही रांग! आमचा क्लेम डेप्रिसिएशन (जुन्या पार्टची घटलेली किंमत) आणि डिडक्टिबल (आपण स्वतः भरायचा ठरलेला वाटा) कापून पास झाला. भाऊजींचं इंजिन उघडलं, सर्वेयरने, म्हणजे नुकसान तपासायला आलेल्या माणसाने, वाकलेल्या रॉडचा फोटो काढला आणि एस्टिमेटमधून इंजिनची अख्खी ओळ गेली. तेव्हापासून प्रत्येक लग्नामुंजीत "विमा कंपन्या चोर आहेत" हे प्रवचन असतं. ॲड-ऑन घेतलं नव्हतं, हे त्यात कधी येत नाही.

घराचंही तेच. भारत गृह रक्षा पॉलिसी 1 एप्रिल 2021 पासून सगळ्या साधारण विमा कंपन्यांकडे मिळते, पूर तिच्यात धरलेला आहे. घराचा विमा काढला की आतल्या सामानालाही विमा रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप संरक्षण मिळतं. आम्ही ती घेतली तेव्हा भाऊजी हसले होते, "घर काय पळून जातंय का?" पळालं नाही, पण प्लायवूडची कपाटं फुगून दारं लागेनात. जाऊबाईंनी पहिल्याच दिवशी फिनाइल टाकून घर लख्ख केलं, गाद्या कचऱ्याच्या गाडीत दिल्या. मी मात्र भिंतीवरच्या चिखलाच्या रेघेला मोजपट्टी लावून फोटो काढले, फ्रिजमागच्या मॉडेल नंबरच्या स्टिकरचाही काढला. सासूबाई चिडल्या, "घरात घाण ठेवून बसलीय." बसले. सर्वेयर त्या रेघेपाशीच आधी उभा राहिला. (कुजलेलं धान्य अर्थात फेकलं, पण फोटो काढून.)

बाकी प्रक्रिया नेहमीचीच: लगेच ॲपवर किंवा फोनवर कळवा, क्लेम नंबर घ्या, आरसी, लायसन्स, पॉलिसी हाताशी ठेवा. सर्वेयर बघेपर्यंत एकही पार्ट बदलू देऊ नका, मेकॅनिक कितीही घाई करो. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या (पॉलिसीत लिहिलेली गाडीची किंमत) 75 टक्क्यांवर गेला तर टोटल लॉस, म्हणजे गाडी पूर्ण गेली असं धरतात आणि दुरुस्तीऐवजी त्या किमतीवर क्लेम देतात, तेव्हा वर्कशॉपने लांबलचक एस्टिमेट दिलं म्हणून घाबरू नका. एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल म्हणून मोठा क्लेम न करणारे लोक मला कळतच नाहीत.

क्लेम नाकारला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. त्यांनी फेटाळली किंवा महिनाभर उत्तरच दिलं नाही तर विमा लोकपालांकडे जा, ते विम्याच्या तक्रारी ऐकतात. गुजरातसाठी ते अहमदाबादला बसतात. 50 लाखांपर्यंतच्या दाव्याला चालतं, फी नाही, वकील नाही, मात्र वर्षाच्या आत जावं लागतं. मी भाऊजींना फॉर्म छापून दिला होता. "कोण जातंय अहमदाबादला," म्हणाले, आणि वर्ष निघून गेलं. ते जिंकलेच असते असं मी म्हणत नाही, पण मग प्रवचनं तरी देऊ नयेत.

हां, गाडीचं वर जे लिहिलंय ते ओन डॅमेज (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं संरक्षण) असलेल्या पॉलिसीचं. नुसती थर्ड पार्टी (फक्त दुसऱ्याच्या नुकसानीची) असेल तर स्वतःच्या गाडीचं काहीच मिळत नाही, तेव्हा आधी तुमची पॉलिसी उघडून तेवढं बघा.