कडी तीनदा तपासणारी भाडेकरू

प्रश्न : कोंढव्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक अफगाण जोडपं भाड्याने राहतं. नवरा शिकायला पुण्यात आला होता. ऑगस्ट २०२१मध्ये तालिबानने काबूल घेतलं आणि त्याचं परत जाणं राहिलंच. बायको मागाहून आली. हल्ली ती पहाटे तीन-साडेतीनला किंचाळून उठते. झोपण्याआधी दाराची कडी तीन-तीनदा बघते, सकाळी मात्र दहापर्यंत अंथरुणातच असते. माझ्या सासूबाईंच्या झोपेच्या गोळ्या घरात आहेत, त्यातली अर्धी द्यावी का? आणि दिवाळीत फटाके सुरू झाले की काय करायचं?
– एक वाचक, कोंढवा

उत्तर : गोळी अजिबात देऊ नका, अर्धीसुद्धा नाही. घरोघरी असतात त्या अल्प्राझोलाम, क्लोनाझेपामसारख्या गोळ्यांनी अशी दुःस्वप्नं थांबत नाहीत. काही आठवड्यांत सवय लागते आणि एकदम बंद केल्या तर झोप आणखी उडते.

पहाटेची वेळ तुम्ही लिहिलीत ते बरं झालं. स्वप्नं पडणारी झोप रात्रीच्या उत्तरार्धात जास्त असते, त्यामुळे हे दुःस्वप्नच असावं. झोप लागल्यावर तासा-दोन तासांत किंचाळणं आणि सकाळी काहीच न आठवणं हा प्रकार वेगळा. घोरताना श्वास अडकतो का, हेही नवऱ्याला पाहू द्या. तसं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवं.

ती दचकून उठली की तिला गदागदा हलवू नये, वरून वाकू नये. नवऱ्याने पायथ्याशी उभं राहून दिवा लावावा, हलक्या आवाजात नाव घ्यावं, त्यांच्याच भाषेत सांगावं : आपण पुण्यात आहोत, दार बंद आहे. पाय गार फरशीवर टेकवायचे, घोटभर पाणी प्यायचं. स्वप्नात काय दिसलं, हे तेव्हा विचारायचं नाही. ‘तिकडे काय झालं’ हे तुम्हीही विचारू नका. सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.

कडी तपासणं म्हणजे पहारा आहे, खूळ नव्हे. कडी डुगडुगत असेल तर घरमालक म्हणून ती आधी बदला. मग दोघांनी मिळून एकदाच तपासायची.

खरं बिघडतंय ते सकाळी दहापर्यंत पडून राहण्यात. रात्र वाईट गेली म्हणून तिला झोपू देतात, आणि त्यामुळेच पुढच्या रात्री झोप उशिरा लागते. उठण्याची वेळ ठरवा, समजा साडेसहा. प्रत्यक्ष झोप सहा तासच होत असेल तर साडेबाराच्या आधी अंथरुणावर जायचं नाही. आठवडाभर अंथरुणातला बहुतेक वेळ झोपेत गेला की झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे आणायची. अंथरुणातला वेळ साडेपाच तासांच्या खाली मात्र नेऊ नये, आणि फिट येत असतील किंवा बायपोलर आजार असेल तर हा प्रयोग घरी नको. साधारण वीस मिनिटं झोप आली नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसावं. घड्याळ उलटं ठेवावं. अफगाण घरात दिवसभर चहाची किटली फिरते. हिरव्या चहातही कॅफीन असतं, तेव्हा दुपारी दोननंतर तो बंद.

त्रास महिनाभराहून जास्त चालला असेल तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायलाच हवं. दुःस्वप्नाचा शेवट दिवसा, जागेपणी बदलून रोज दहा-वीस मिनिटं मनात घोळवण्याची एक पद्धत आहे. ती प्रशिक्षित माणसाकडून शिकावी आणि सर्वांत भयंकर स्वप्नापासून सुरुवात करू नये. दुभाषा म्हणून मुलांना कधीच बसवू नका; नवऱ्यासमोरही काही गोष्टी बोलता येत नाहीत. तिला हिंदी येत असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं. जीव नकोसा झाल्याचं ती बोलली, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

फटाक्यांचं म्हणाल तर अचानकपणा जास्त बाधतो. कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत वाजतील हे आधी सांगा. रस्त्याकडची खिडकी बंद करून आतल्या खोलीत पंखा चालू ठेवू द्या. वर जाताना दार धडाधडा वाजवू नका, आधी फोन करा. पोलिसांकडे भाडेकरूची नोंद असो की अकरा महिन्यांचा करार, महिनाभर आधीच बोलून घ्या. घर राहील की जाईल या धास्तीनेही झोप उडते, आणि ती धास्ती तुम्हालाच कमी करता येईल.