सात ते साडेआठ

माई,
मी ४४ वर्षांची, बँकेत नोकरीला, लग्न केलेलं नाही. धाकटा भाऊ ३९ वर्षांचा, शिरोलीच्या एका फौंड्रीत होता. दारूपायी नोकरी गेली, बायको मुलीला घेऊन माहेरी गेली. तीन महिने सेंटरला राहिला. डिस्चार्ज मिळाल्याला पाच महिने झाले, माझ्याकडेच आहे, थेंबही घेतलेला नाही. मी त्याच्यासाठी काय केलं नाही? पहाटे पाचला रंकाळ्याला फेरी, मग प्राणायाम, बीटाचा रस, दोन वेळा अश्वगंधारिष्ट, दुपारी ओंकाराची ऑडिओ, रात्री नाभीत तेल. दिवसभर मी बँकेत, तो घरचं बघतो, भाजीही आणतो. संध्याकाळी सात ते साडेआठ माझा मेडिटेशनचा क्लास असतो, तेव्हा बाहेरून कुलूप लावून जाते, त्यामुळे तीही काळजी नाही. पण त्याचा चेहरा कायम पडलेला. केलेल्याची जाणीव नाही. आता एकवीस दिवसांचं पंचकर्म आणि ध्वनिचिकित्सा असं ४५ हजारांचं पॅकेज आहे. घेऊ का?
– एक थकलेली ताई, राजारामपुरी

अगं बाई, तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा रसात आणि तेलात अडकले. दुसऱ्यांदा कुलपाशी आले आणि तिथून पुढे सरकेना.

तुझा भाऊ किती वाजता बसायचा गं? तू लिहिलेलं नाहीस, पण फौंड्री सुटल्यावर आणि घर यायच्या आधी, असंच ना? म्हणजे सहा, साडेसहा, सात. पहाटे पाचला त्याला कुणी ‘चल, बसू’ म्हणत नव्हतं. तू मात्र सगळी ताकद पहाटेवर लावलीस आणि ज्या घटकेला त्याच्या जिवाची घालमेल होते, त्या घटकेला बाहेरून कडी घालून स्वतः मन शांत करायला गेलीस. रागावू नकोस, पण हे वाचून मला आधी हसू आलं आणि मग पोटात कालवलं.

इतकी वर्षं अंगाला लागलेलं घड्याळ पाच महिन्यांत बंद पडत नाही. दिवे लागले की तोंड कोरडं पडतं, हात शिवशिवतात, उगाच चिडायला होतं. ही ओढ लाटेसारखी येते आणि बहुतेक वेळा अर्ध्या तासात ओसरते. तेवढ्या अर्ध्या तासात माणसाला तीन गोष्टी लागतात: पोटात काहीतरी, पायांना चाल आणि बोलायला कुणीतरी. त्याला काय मिळतं? रिकामं घर आणि बंद दार. स्वयंपाकघरात सिलिंडर आहे, बाहेरून कुलूप आहे, हा विचार तर मी करतच नाही, कारण केला की झोप लागायची नाही.

तू म्हणशील, माई, कुलूप आहे म्हणून तर टिकलाय. थांब. दिवसभर तू बँकेत असतेस. तो पिशवी घेऊन मंडईत जातो, खिशात तूच दिलेले पैसे असतात. दारूची दुकानं काय सात वाजताच उघडतात? पाच महिने रोज तो त्या दुकानांवरून जातो आणि कोथिंबीर घेऊन घरी येतो. ही त्याची कमाई आहे. आणि रोज सातला तू कुलूप लावतेस, म्हणजे रोज त्याला सांगतेस, की ही कमाई मी धरत नाही. चेहरा पडेल नाही तर काय? कोल्हापुरात राहून हे मी सांगायचं? पैलवान घडवायचा तर वस्ताद त्याला मातीत उतरवतो. खोलीत कोंडून कुणी कुस्ती शिकल्याचं मी तरी ऐकलं नाही.

आमचे थोरले दीर बावीस वर्षं प्याले आणि मग सुटले. साडेसहा वाजले की ते अंगठ्याने मांडी घासायला लागायचे. सासूबाई काही बोलत नसत. घराची किल्ली आणि दुधाचे पैसे त्यांच्या हातात द्यायच्या. दीर चालत गंगावेशीत जायचे, म्हशीसमोर उभं राहून धारोष्ण दुधाचा ग्लास रिकामा करायचे, ओळखीच्या दोघातिघांशी म्हशीच्या भावावर वाद घालायचे आणि आठाला परत. सासूबाईंनी कधी तोंडाचा वास घेतला नाही. फक्त मिशीकडे बघायच्या. मिशीला फेस असला की ताट वाढायच्या.

दोन गोष्टी झटपट. ते अश्वगंधारिष्ट आजच मोरीत ओत. आसवं आणि अरिष्टं आंबवून करतात, त्यात अल्कोहोल आपसूक तयार होतं. बाटलीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, बहुतेकांत पाच ते दहा टक्के. म्हणजे बिअरच्या तोडीचं, तेही तुझ्या हातून, चमच्याने, दिवसातून दोनदा! त्याला डायसल्फिरामची, म्हणजे दारू सुटावी म्हणून देतात ती गोळी चालू असेल तर उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब कोसळणं, काहीही होऊ शकतं. गोळी चालू आहे का, हे त्यालाच विचार. इथून पुढे त्याच्या डॉक्टरला विचारल्याशिवाय कसला काढा नको, कसली पावडर नको.

दुसरं, पॅकेज. नको.

योग, प्राणायाम वाईट आहेत असं मी म्हणत नाही. त्याने झोप सुधारते, बेचैनी उतरते. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात १९८६ पासून हे काम चालतं, तिथेही योग आहे, ध्यान आहे. पण तिथे गटात बसून बोलणंही आहे, आणि घरच्यांनाही बोलावून बसवतात. १९३५ साली अमेरिकेत ए.ए., म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस हा दारू सोडणाऱ्यांचा गट सुरू झाला, तेही दोन बेवड्यांच्या बोलण्यातून. एक शेअरबाजारातला, दुसरा सर्जन. आपल्यासारखाच दुसरा समोर बसला की ओढ कमी होते, एवढंच त्यांच्या हाती लागलं होतं. त्यांच्या मीटिंगा बहुतेक संध्याकाळीच का असतात, याचा तुझ्या क्लासमध्ये बसून एकदा विचार कर. फी नाही, नाव सांगायची सक्ती नाही. जवळची मीटिंग कुठे, हे त्याला स्वतःला शोधू दे. अडलं तर १४४४६ ही सरकारची मोफत व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, आपल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे.

तुझ्यासारख्या थकलेल्या नातेवाइकांसाठीही अल-अॅनॉन नावाचे गट आहेत, १९५१ पासून. ‘जाणीव नाही’ हे तिथे जाऊन बोल. त्याच्यासमोर नको.

‘आणि प्याला तर?’ हे तू विचारणारच. एखादा दिवस पाय घसरू शकतो. घसरला तर त्याने तुला फोन करावा, तू ओरडणार नाहीस, दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरकडे जाल, हे आजच ठरवून ठेवा. चार-आठ दिवस सलग प्याला, तर मात्र घरी कोंडून अचानक बंद करायला जाऊ नकोस. दारू तुटल्यावर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, तिसऱ्या दिवसापर्यंत माणूस भ्रमात जाऊ शकतो. ते काम दवाखान्याचं. पण ही तयारी झाली. त्याच्यावर लावलेला अंदाज नव्हे.

आता करायचं एकच. उद्या बँकेतून सुटलीस की दाराची दुसरी किल्ली करून घे, दहा मिनिटांचं काम आहे. घरी ये, साडेसहाला त्याला पोहे नाहीतर भाकरी, काहीतरी पोटभर खायला घाल, मग किल्ली त्याच्या हातात दे आणि तू क्लासला जा. कुठे जाणार, कधी येणार, विचारू नकोस. आणि किल्ली देताना ‘सांभाळून हं’ म्हणू नकोस.