जुनी स्प्लेंडर सिग्नलला बंद पडते, कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) किती फेरे उघडायचा?

स्क्रू आधी पूर्ण बंद करून तिथून दीड ते दोन फेरे उघडून सुरुवात करा, पण शेवटची जागा आकड्यावर नाही, इंजिनच्या आवाजावर ठरवा. जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं बारीक छिद्र) किती साफ आहे, एअर फिल्टर किती जुना आहे, यावर प्रत्येक गाडीचं गणित थोडं बदलतं.

आधी चार-पाच किलोमीटर फिरवून इंजिन गरम करा, चोक बंद ठेवा. स्लोचा स्क्रू (गाडी उभी असतानाची रेस ठरवणारा) थोडा आवळून रेस जरा वाढवून घ्या. मग मिक्श्चर स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि दर वेळी पाच-दहा सेकंद थांबा. घाई केली की हमखास फसता. जिथे आवाज सगळ्यात चढा आणि एकसारखा येतो, तीच जागा. तिथे सोडून स्लोच्या स्क्रूने रेस १४०० आरपीएमच्या आसपास उतरवा. एकदम रेस दिल्यावर इंजिन अडखळलं, तर अजून पेट्रोल हवंय.

दिशेचा घोळ मात्र होतो. स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आवळला की पेट्रोलचं प्रमाण वाढतं. इंजिनच्या बाजूला असेल तर बरोबर उलट. आणि बंद करताना टेकला की थांबा, जोर लावलात तर टोकाला खाच पडते.

स्क्रू फिरवून आवाजात काहीच फरक पडत नसेल तर ट्यूनिंग सोडा. बहुधा स्लो जेट (कमी रेसला पेट्रोल देणारा) तुंबलाय किंवा मॅनिफोल्डमधून, म्हणजे कार्ब्युरेटर आणि इंजिनमधल्या नळीतून, बाहेरची हवा ओढतेय. २०२० नंतरच्या बीएस-६ स्प्लेंडरला कार्ब्युरेटरच नाही, तिथे हे लागू नाही.